कच्च्या दाढा

मी दुसरीत गेले त्या वर्षी माझ्या तोंडात मागच्या बाजूला चार नव्या दाढा आल्या. दुधाच्या दाढा जागेवरच होत्या, त्यांच्या मागच्या रिकाम्या हिरडीतून या वर आल्या. वर्गातल्या बाकीच्या पोरींच्याही आल्या असणार, पण त्यांना ते कळलंसुद्धा नसेल. माझ्या आल्या त्या पिवळ्या. मधे मधे तपकिरी, कडेला खडूसारख्या पांढऱ्या, आणि खडूसारख्याच भुसभुशीत. पुऱ्या वर येण्याआधीच त्यांचे कोपरे तुटायला लागले. भाकरी खाताना खडा लागला म्हणून हातावर थुंकले, तर तो माझ्याच दाढेचा तुकडा निघाला.

मग दुखणं सुरू झालं. माठातलं पाणी तोंडात घेतलं की कळ कानापर्यंत जायची. बोलताना वारं आत गेलं तरी झिणझिण्या यायच्या. मी भाकरी आमटीत भिजवून पुढच्या दातांनी कुरतडायला शिकले. आई म्हणायची, सशागत काय खातीस? दाढ दुखती म्हटलं तर म्हणायची, दुधाची असंल, पडंल आपोआप. सहाव्या-सातव्या वर्षी मागं येणारी दाढ ही जन्मभराची असते, हे निपाणीतल्या आमच्या गल्लीत कुणालाच माहीत नव्हतं.

शाळेत शनिवारी गुरुजी नखं, केस आणि दात बघायचे. हातातल्या पट्टीनं हनुवटी खाली दाबून तोंड उघडायला लावायचे. माझ्या तोंडात बघून ते जरा मागं सरकले आणि अख्ख्या वर्गाला ऐकू जाईल असं म्हणाले, "तुमच्यात दात घासत न्हाईत व्हय गं?"

ते 'तुमच्यात' मला बरोबर कळलं. सात वर्षांच्या पोरीला ते कळायला काही शिकावं लागत नाही. गुरुजी आता हयात नाहीत. त्याचं मला वाईट वाटलेलं नाही.

मी घरी येऊन आप्पांना सांगितलं. आप्पा म्हणजे माझे वडील. ते शाळेत जातील आणि गुरुजींना विचारतील असं मला वाटलं होतं. आप्पा सरकारी कचेरीत कारकून होते, कानडीची परीक्षा पास झालेले, साहेबाशी कानडीत आणि बाजारात मराठीत सारख्याच ठसक्यात बोलणारे. आमच्या घराण्यातले पहिले पगारदार. आज्जा तंबाखूच्या वखारीत बोद, म्हणजे तंबाखूची मोठी पोती, उचलायचे, आज्जी तिथंच तंबाखू निवडायची. आम्ही बौद्ध. आप्पांनी लहानपणी काय काय ऐकून घेतलं असेल ते त्यांनी कधी सांगितलं नाही, पण त्यांच्या सदऱ्याच्या कॉलरवर मी कधी मळाची रेघ पाहिली नाही. रोज आंघोळीआधी ते नखं घासायचे. "आपल्याकडं बोट दाखवायला कुणाला जागा द्यायची न्हाय," हे त्यांचं घरातलं बोलणं. आता ती जागा माझ्या तोंडात निघाली होती.

ते गुरुजींकडं गेले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला न्हाणीच्या दगडावर बसवलं, एका हातानं मान धरली आणि दुसऱ्या हातानं माझ्या दाढा घासायला घेतल्या. पांढरी पावडर आणि कडक केसांचा ब्रश. संध्याकाळी कचेरीतून आल्यावर चहाच्या आधी पुन्हा तेच. मी ओरडले की हात जास्त जोरात चालायचा. हिरड्यांचं रक्त दगडावरनं वाहत जायचं, आणि आप्पा स्वतःशी पुटपुटायचे, "जात कसा न्हाय, जात कसा न्हाय." तो तपकिरी डाग जात नव्हताच. घासून घासून वरचा थर मात्र निघत होता आणि दुखणं वाढत होतं.

आई चुलीपाशी बसून ऐकत असायची. मधे पडायची नाही. मला तेव्हा आप्पांइतकाच तिचाही राग यायचा.

खालची डावी दाढ ठणकायला लागली आणि गाल सुजला, तेव्हा आप्पांनी मला निपाणीतल्याच एका दाताच्या डॉक्टरकडं नेलं. त्यानं इंजेक्शन दिलं, थोडं थांबला आणि मशीन लावलं. इंजेक्शनचा काहीच उपयोग झालेला नव्हता. मी खुर्चीतनं उठून बसले. डॉक्टर आप्पांना म्हणाला, पोरगी नाटकी आहे, सुई दिल्यावर दुखत नसतं. आप्पांनी माझे खांदे दाबून धरले आणि डॉक्टरनं दाढेत चांदी भरली. जेमतेम महिनाभर टिकली. ज्या कडांच्या आधारानं ती बसवली होती त्या कडाच ढासळल्या, आणि चांदीचा गोळा दाढेच्या भिंतीसकट हातात आला. मग डॉक्टरनं दाढच काढली. काढताना दुखलं ते मी सांगत बसत नाही.

काढलेली जागा रिकामी आणि लालभडक दिसत होती. ती भरून आल्यावर आप्पा तिथं बॅटरीचा उजेड पाडून बघायचे आणि त्यांच्या तोंडावर समाधान दिसायचं. डागच राहिला नव्हता ना. डॉक्टर म्हणाला होता, बाकीच्या तिन्ही अशाच जाणार, सुट्टीत एकेक काढून टाकू. आप्पांनी ठीक आहे म्हणून सांगितलं होतं.

याच सुमारास आईला कळलं की ती दाढ पुन्हा येणार नाही. सरकारी दवाखान्यात काम करणारी एक नर्सबाई आमच्या मागच्या गल्लीत राहायची, तिनं सांगितलं. आई घरी आली आणि आप्पांना म्हणाली, उरलेल्या दाढांना हात लावू द्यायचा नाही. आप्पा म्हणाले, मग काय कुजलेल्या ठेवायच्या? बरंच वाजलं. शेवटी आप्पांच्या कचेरीतल्या कुणीतरी बेळगावच्या शहापुरातली एक डॉक्टरीण सुचवली. मुंबईला शिकून आलेली, लहान मुलांचे दात बघणारी. मुंबईला शिकलेली बाई आपल्याच बाजूनं बोलणार अशी आप्पांची खात्री असावी. ते लगेच तयार झाले.

धाकट्या भावाला शेजारणीकडं ठेवून आम्ही तिघं एसटीनं बेळगावला गेलो. खिडकीच्या वाऱ्यानं दाढा सणकतात म्हणून मी सगळी वाट आईचा पदर तोंडावर घेऊन, तिच्या मांडीत डोकं खुपसून काढली. शहापुरात एका बोळात दवाखाना होता. आसपासच्या घरांतनं मागांचा खटखटाट चाललेला. डॉक्टरीण त्या भागातल्या जुन्या घराण्यातली होती, वडिलांच्या घराच्या पुढच्या खोलीतच तिनं खुर्ची टाकली होती. तिशीच्या आतबाहेरची, सडपातळ, केस घट्ट बांधलेले. ती हसली नाही. नंतरच्या सगळ्या वर्षांतही तिला माझ्याकडं बघून हसताना मी पाहिलं नाही.

तिनं आप्पांना नाव विचारलं, गाव विचारलं. आप्पांनी सांगितलं. "आडनाव काय म्हणालात?" तिनं पुन्हा विचारलं. पहिल्यांदा तिला नीट ऐकू गेलं होतं, हे खोलीतल्या सगळ्यांना कळत होतं. आप्पांनी आडनाव पुन्हा सांगितलं, जरा मोठ्यानं.

मग तिनं माझं तोंड उघडलं. आरसा घालून बराच वेळ एकेक दाढ बघितली. टोकदार सळईनं हलकेच टोचून बघितलं आणि मी दचकले तेव्हा लगेच थांबली.

"हे कोण घासतं?" तिनं विचारलं.

आप्पा म्हणाले की ते स्वतः घासतात, दोन्ही वेळा. सांगताना त्यांची मान ताठ होती.

"थांबवा ते. ही घाण नाही. दाढ उगवलीय तीच अशी. वरचं कवच कच्चं राहिलंय. घासून ती पांढरी होणार नाही, उलट होतं नव्हतं तेवढंही तुम्ही काढून टाकताय."

माझ्या तोंडात तिचा आरसा होता म्हणून मला काही बोलता येत नव्हतं. पण डोळे फिरवता येत होते. मी आप्पांकडं बघितलं. त्यांचा चेहरा काळवंडला होता. मला फार बरं वाटलं. इतकी दुखणारी दाढ तोंडात असताना इतकं बरं वाटू शकतं, हे मला तेव्हा पहिल्यांदाच कळलं.

डॉक्टरीण पुढं म्हणाली की अशी दाढ सुईनं नीट बधिर होत नाही, पोरगी खोटं ओरडत नव्हती. खालची दाढ कुणी काढली असंही तिनं विचारलं आणि उत्तर ऐकून नुसतं 'च्च' केलं. मग ती आईकडं वळली. जन्मल्यावर पहिल्या एक-दोन वर्षांत मुलीला मोठं आजारपण झालं होतं का? आईनं सांगितलं, व्हय, ताप लई यायचा, छाती भरायची, एकदा तर हातची गेलीच म्हणून सगळे बसलेले. डॉक्टरीण म्हणाली, त्याच वयात हिरडीच्या आत या दाढांचं कवच तयार होत असतं. आजारपणानं ते बिघडलं असेल. नसेलही, नक्की कुणालाच सांगता येत नाही.

शेवटचं वाक्य आप्पांनी ऐकलं नाही. त्यांना हवं होतं ते मिळालं होतं.

घरी पोचल्यावर कुलूप उघडायच्या आधीच त्यांनी सुरुवात केली. पोरीला वखारीत कोण घेऊन जायचं? त्या खकाण्यात तान्ही पोर कुणी ठेवली? तंबाखूची धूळ नाकातोंडात जाऊन पोर आजारी पडली आणि तिच्या दाढांचं वाटोळं झालं, ते कुणामुळं? डॉक्टरीणबाईच म्हणाली की! आईनं चूल पेटवली, भात टाकला, मला मऊ भात आणि ताक दिलं. आप्पा जेवायला बसले तरी तेच बोलत राहिले. तेव्हा आई त्यांच्यासमोर येऊन बसली.

"तुम्ही परीक्षेला बसलासा त्या वर्षी या घरात चूल कशावर पेटली? पोर पाठीला बांधून तंबाखू निवडली मी. तुम्ही शिकत हुतासा. तवा तुम्हाला खकाणा दिसला न्हाय."

आवाज चढवला नव्हता तिनं. आप्पा ताटावरनं उठले. हात धुतला आणि बाहेर निघून गेले.

त्या दिवसापासून त्यांनी माझ्या दाढा घासायच्या सोडल्या. पण आईशी बोलायचंही बरेच दिवस सोडलं. काही हवं असलं तर मला सांगायचे, तुझ्या आईला सांग. मी त्यांच्या दोघांमधली चिठ्ठी झाले होते. बेळगावला ते पुन्हा आले नाहीत. तिथून पुढं आईच मला घेऊन जायला लागली.

डॉक्टरणीनं पहिल्याच खेपेला सांगून टाकलं होतं की एका दिवसात होणारं काम नाही. आधी दाढा शांत करायच्या. तिनं प्रत्येक दाढेवरचं भुसभुशीत तेवढं हळूच खरवडलं आणि लवंगेच्या तेलाचा वास येणारा पांढरा लगदा भरला. तो तोंडात कडक झाला. त्या वासानं मला अजून मळमळतं, मसालेभातातली लवंग मी काढून टाकते. पण आठवड्याभरात ठणका कमी झाला, हे खरं. मग दर काही दिवसांनी लगदा बदलायचा, पुन्हा थांबायचं. दाढा निवल्या म्हणजे त्यांच्यावर स्टीलच्या टोप्या बसवणार होती. चांदी भरून उपयोग नाही, तिनं आईला समजावलं, कारण चांदीला धरून ठेवायला भिंती धड लागतात आणि हिच्या भिंतीच कच्च्या आहेत. सगळी दाढच वरून झाकून टाकली पाहिजे.

ती काम चांगलं करायची. पण ज्या पद्धतीनं करायची ते मला सहन व्हायचं नाही. माझ्याशी ती बोलायचीच नाही. उघड, मीट, थुंक, एवढंच. माझं डोकं ती कलिंगडासारखं फिरवायची. तोंडावरचा दिवा डोळ्यांत जायचा तरी हलवायची नाही. एकदा मी तिच्या बोटाला चावले. कच्च्या दाढांनी चावता येत नव्हतं म्हणून पुढच्या दातांनी, चांगलं करकचून. तिनं बोट काढून घेतलं, धुतलं, चिंधी बांधली आणि पुन्हा आरसा उचलला. "उघड," म्हणाली. रागावली असती तर मला चाललं असतं.

आणि पेल्याची गोष्ट. खुर्चीशेजारी चूळ भरायला पाण्याचा स्टीलचा पेला असायचा. माझ्याआधी एक मुलगी खुर्चीत होती, तिनं त्यातनं चूळ भरली. मी बसल्यावर आतून डॉक्टरणीची आई आली, स्टीलचा पेला उचलून नेला आणि त्या जागी जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा, पोचे आलेला एक पेला ठेवून गेली. आईनं ते बघितलं. डॉक्टरणीनंही बघितलं. हातातलं काम न थांबवता तिनं मला त्याच पेल्यातलं पाणी दिलं.

पुढच्या खेपेला आईच्या पिशवीत आमच्या घरचा पितळी पेला होता, चिंचेनं घासून लखलखीत केलेला. मी खुर्चीत बसल्यावर आईनं तो जर्मनचा पेला बाजूला सारला आणि आपला पेला तिथं आपटला. त्याचा चांगला मोठा आवाज झाला. डॉक्टरणीनं मान वर केली, पेल्याकडं बघितलं, आईकडं बघितलं आणि त्यात पाणी ओतलं. त्यानंतर दर खेपेला आमचा पेला आमच्याबरोबर जायचा. दोघी बायका वर्षानुवर्षं त्याबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत.

मी आईला एकदा एसटीत विचारलं, ती अशी वागते तर आपण तिथं कशाला जातो?

"तिच्या हातात काम हाय, म्हणून जातो," आई म्हणाली. "तिच्या हातचं पाणी न्हाय लागत आपल्याला."

टोप्या बसवल्या त्या दिवसांचं मला बारीकसारीक आठवतं. तिनं दाढेच्या वरचा आणि आजूबाजूचा थोडासा भाग दोरीवर फिरणाऱ्या मशीननं घासून घेतला. दाढा निवल्या होत्या म्हणून या वेळी सुई लागू पडली. गाल जाड झाला, ओठ माझा राहिला नाही. मग छोट्या डबीतून निरनिराळ्या मापाच्या टोप्या काढून एकेक दाढेवर ठेवून बघितली. बरोबर मापाची सापडल्यावर तिची कड पकडीनं आत वळवली, आत सिमेंट भरलं आणि अंगठ्यानं दाबली. ती हिरडीच्या खाली सरकताना कट्ट असा आवाज डोक्याच्या आत झाला. वर एक लाकडी चपटी काडी ठेवून ती म्हणाली, चाव. मी चावले. आणखी जोरात, म्हणाली. मी माझ्या सगळ्या रागानिशी चावले. टोपी पक्की बसली.

खालची उजवी आधी झाली, मग वरच्या दोन. दिवाळी होऊन गेली होती. पहिले काही दिवस तोंड मिटलं की टोप्याच आधी एकमेकींना लागायच्या, बाकीचे दात अधांतरी. मग हळूहळू जमलं. आईनं ज्वारीची कडक भाकरी भाजली, आमटीत न बुडवता माझ्या हातात दिली आणि मी चावताना टक लावून बघत बसली. दुखलं नाही. गार पाणी प्यायले, दुखलं नाही. आई उठली आणि कामाला लागली.

शाळेत पोरांनी मला 'पत्र्या' म्हणायला सुरुवात केली. हसले की वरच्या टोप्या चमकायच्या. शनिवारी गुरुजींनी पट्टीनं हनुवटी दाबली, आत बघितलं आणि म्हणाले, वा, आता तुमच्यात चांदीचे दात करायला लागले. वर्ग हसला. मी तोंड मिटलं नाही. ते पुढच्या मुलीकडं जाईपर्यंत तसंच उघडं ठेवलं. घरी आप्पा म्हणाले, चारचौघांत मोठ्यानं हसू नकोस. डाग गेला होता, तर आता चमक नडत होती.

माझ्या पाठच्या भावाच्या दाढा आल्या तेव्हा घरात सगळ्यांनी श्वास रोखला होता. त्याच्या पांढऱ्याशुभ्र आल्या, गुळगुळीत. आप्पांनी त्याला उजेडात नेऊन बघितलं आणि माझ्याकडं वळून म्हणाले, बघ, हा रोज घासतो. भाऊ तर ब्रशला हातही लावायचा नाही. डॉक्टरणीनं काय सांगितलं होतं ते आप्पांनी पुसून टाकलं होतं. त्यांच्यापुरता निकाल पुन्हा तोच लागला होता, पोरगी घाणेरडी. मी तेव्हा दहा-अकरा वर्षांची होते. त्या दिवसापासून मी त्यांच्यासमोर चूळ भरणंही बंद केलं.

मधल्या काळात एक टोपी निघाली, ती डॉक्टरणीनं पुन्हा बसवली. वर्षातून एकदा बघून घ्यायची. रिकाम्या जागेशेजारची दुधाची दाढ पडून पक्की दाढ आली ती वाकडी आली. तिनं आईला दाखवून सांगितलं, ती एक काढली नसती तर असं झालं नसतं. आईनं ते घरी जाऊन आप्पांना जसंच्या तसं सांगितलं. आप्पांनी रेडिओचा आवाज वाढवला.

मी बेळगावला कॉलेजात गेले तेव्हा ऐंशीचं दशक संपत आलं होतं. रोज निपाणी-बेळगाव जमण्यासारखं नव्हतं, म्हणून हॉस्टेलवर राहायचे. डॉक्टरीण म्हणाली, आता दाढा पुऱ्या वाढल्या, जुन्या टोप्या लहान पडतात, त्या काढून माप घेऊन ओतलेल्या धातूच्या पक्क्या टोप्या करू. तोवर तिचा दवाखाना मोठा झाला होता. खोलीला टाइल्स लावल्या होत्या, खुर्ची नवी होती, पाण्याला कागदी पेले आले होते. तिची आई वारली होती. मी एकटी जाऊ शकत होते, पण आई त्या दिवशी निपाणीहून मुद्दाम आली आणि भिंतीपाशी बसली.

जुन्या टोप्या कापून काढल्यावर डॉक्टरणीनं आत बघितलं आणि मी तिला इतक्या वर्षांत पहिल्यांदाच उत्साहात पाहिलं. दाढा जशा झाकल्या होत्या तशाच राहिल्या होत्या. कीड नाही, ठणका नाही. तिनं कपाटातनं कॅमेरा काढला. कुठंतरी डॉक्टरांच्या बैठकीत तिला बोलायचं होतं, आणि लहानपणी बसवलेल्या टोप्यांखाली अशा दाढा इतकी वर्षं टिकल्या हे दाखवायला माझ्या तोंडाचे फोटो हवे होते. तिनं मला विचारलं नाही. गाल बाजूला ओढायची तारेची चौकट माझ्या ओठांत बसवायला लागली.

"थांबा," आई भिंतीपाशी बसूनच म्हणाली. "फोटो काढायचा तर तोंडावळ्यासकट काढा. आणि खाली तिचं नाव, गाव घाला. सांगा सगळ्यांस्नी, कुणाची पोरगी हाय ते."

डॉक्टरीण म्हणाली, तसं नसतं, फक्त दातच दाखवायचे असतात, नाव द्यायची पद्धत नाही.

"मग नको," आई म्हणाली.

डॉक्टरीण माझ्याकडं वळली. मी आता मोठी होते, कॉलेजात शिकत होते, तिला वाटलं असावं मी आईला समजावेन. तिची पद्धत बरोबरच होती, हे मला आज कळतं. तेव्हाही अर्धं कळलं असेल. मी ओठांतली चौकट काढून तिच्या हातात दिली आणि तोंड मिटलं.

तिनं कॅमेरा कपाटात ठेवला, हात धुतले आणि म्हणाली, "उघड." पुढचं माप तिनं अगदी नीट घेतलं. हात जड केला नाही, घाई केली नाही. पंधरवड्यानं, आई पुन्हा आली तेव्हा, तयार टोप्या बसवल्या, चावायला लावून निळ्या कागदावर ठसे बघितले, जिथं उंच होतं तिथं घासून बसतं केलं. या कामात तिच्यासारखी दुसरी नव्हती, आणि मला ती आवडत नव्हती. या दोन्ही गोष्टी मी तिच्या खुर्चीत बसून एकाच वेळी शिकले. निघताना आईनं तिला नमस्कार केला, तिनं मान हलवली. त्यानंतर मी त्या बोळात गेले नाही.

त्या शनिवारी मी आईबरोबर निपाणीला घरी आले. स्टँडवरनं तिनं फुटाण्यांचा पुडा घेतला होता. आप्पा कचेरीतून येऊन खुर्चीत पेपर वाचत होते. आईनं आतूनच सांगितलं, झालं काम, आता काही राहिलं नाही. बरं, आप्पा म्हणाले. मग आता ते बेळगाव बेळगाव बंद, एवढं बोलून त्यांनी पान उलटलं. माझ्याकडं त्यांनी बघितलं नाही, तोंड उघडून दाखव असं म्हटलं नाही.

मी त्यांच्यासमोरच्या स्टुलावर बसले, पुडा मांडीवर उघडला आणि फुटाणे खायला लागले. एका वेळी चार-चार, मागच्या दाढांखाली घेऊन, कडाकडा आवाज करत. आप्पांना खाण्याचा आवाज खपत नाही हे मला जन्मापासून माहीत होतं.

"हळू खा," ते पेपराआडून म्हणाले.

मी हळू खाल्लं नाही. ते पेपर घेऊन बाहेर ओट्यावर जाऊन बसले, आणि आईनं आतून येऊन पुड्यातली मूठभर उचलली.